कापलेली पानं

मुलींच्या शाळेत मी ग्रंथपाल म्हणून लागले तेव्हा औरंगाबादेत माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. शाळा जुन्या शहरात, सिटी चौकापासून आत एका गल्लीत होती. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं आणि इथं मराठी शाळा निघू लागल्या, तेव्हा आमच्या मोठ्या बाईंनी घरोघर फिरून, आईबापांच्या हातापाया पडून मुली गोळा केल्या होत्या. मी आले तोवर शाळेला तीन मजले झाले होते आणि मोठ्या बाईंचे केस पांढरे झाले होते. त्या मुख्याध्यापिका होत्या, पण त्यांना मुख्याध्यापिका कुणी म्हणत नसे. 'मोठ्या बाई' म्हटलं की वर्ग गप्प व्हायचा, आणि आम्ही शिक्षकसुद्धा.

ग्रंथालय म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली. एका टोकाला पडदा लावून मी फाटक्या पुस्तकांसाठी जागा केली होती. पाठ निखळलेली, कसर लागलेली, शाईचे डाग पडलेली, मुलींनी कोपरे दुमडून दुमडून तोडलेली, सगळी पुस्तकं त्या पडद्यामागं जायची. गव्हाच्या पिठाची खळ, जाड दोरा, पुठ्ठे आणि एक बोथट सुरी एवढ्या सामानावर मी जमेल तेवढी दुरुस्त करायची. जी माझ्या हाताबाहेरची असत ती बाइंडरकडे जात, आणि ज्यांत काहीच राहिलेलं नसे ती वर्षाच्या शेवटी परवानगी घेऊन रद्दीत.

शाळेत मला माणूस म्हणून जवळ केलं ते भूगोलाच्या बाईंनी. वयानं माझ्याहून बऱ्याच मोठ्या. शहागंजच्या बाजूला राहायच्या. त्यांचं मराठी माझ्याहून शुद्ध होतं, आणि मधल्या सुट्टीत डबा उघडला की त्या हसत हसत दखनी उर्दूवर यायच्या. सगळ्या शिक्षिका त्यांना आपा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. आपांचे नकाशे आणि चार्ट शाळेत प्रसिद्ध होते. अक्षर असं की छापल्यासारखं. शाळेनं त्यांना कधी धड साहित्य दिलं नाही, पण त्यांच्या वर्गाच्या भिंती कधी उघड्या दिसल्या नाहीत.

त्या वर्षी दिवाळीनंतर शाळेची तपासणी होती. शिक्षण खात्याचे अधिकारी येणार म्हणून सगळ्या शाळेला रंग दिला जात होता. मोठ्या बाईंनी मला बोलावून सांगितलं की ग्रंथालयातला तो मोठा भूगोलाचा ग्रंथ टेबलावर उघडा ठेवायचा. हा ग्रंथ कुणीतरी शाळेला भेट दिला होता. जाड, गुळगुळीत कागदाचा, आणि आत ज्वालामुखी, हिमनद्या, वाळवंटं, समुद्राचे तळ यांची पानभर रंगीत चित्रं. तसं पुस्तक त्या वेळी आमच्या शाळेत दुसरं नव्हतं. ते घरी द्यायचं नाही, तिथंच बसून पाहायचं, असा नियम होता.

दिवाळीआधी त्याची पाठ सुटली होती म्हणून मी ते पडद्यामागं ठेवलं होतं. सुट्टीनंतर बाइंडरकडे द्यायला काढलं आणि हातात घेताच ते हलकं वाटलं. उघडलं, तर ज्वालामुखीचं पान नव्हतं. पुढं हिमनदीचं नव्हतं. मी घाईघाईनं पानं उलटत गेले. चांगली चांगली सगळी चित्रं कुणीतरी ब्लेडनं शिलाईच्या कडेनं सरळ कापून नेली होती. फाडलेली नव्हती. हात न थरथरता कापलेली होती. मी पडद्यामागं खाली बसले.

लपवून उपयोग नव्हता. मी तशीच ते पुस्तक घेऊन मोठ्या बाईंकडे गेले. त्यांनी एकेक पान उलटलं, चष्मा काढला आणि हळू आवाजात विचारलं, की हे पुस्तक रोज कोण घेऊन बसतं.

या प्रश्नाचं उत्तर सगळ्या शाळेला ठाऊक होतं. नववीतली एक मुलगी होती. कन्नड तालुक्यातल्या खेड्यातली, शेतकऱ्याघरची. शिकायला म्हणून मामाकडे राहायची, आणि मामा चिकलठाण्याला एका कंपनीत कामाला होता. तिला गावाकडच्या बोलीची लाज वाटायची, म्हणून ती फार बोलत नसे. मधल्या सुट्टीत इतर मुली चिंचा-बोरांच्या गाड्याशी गर्दी करायच्या तेव्हा ही हात धुऊन यायची आणि तो ग्रंथ मागून घ्यायची. ज्वालामुखीच्या पानावर कितीतरी वेळ थांबायची. मोठ्या बाईंनी तिला तसं बसलेलं स्वतः पाहिलं होतं आणि कौतुकही केलं होतं. मी म्हटलं, ती मुलगी असं करणार नाही. त्या म्हणाल्या, "तिच्याशिवाय दुसरं कुणी त्या पुस्तकाला हात लावत नाही, हे तुम्हीच मला सांगत होतात ना?"

मुलीला बोलावलं. दप्तर रिकामं करायला लावलं. कंपासपेटीत पेन्सिलीला टोक करायचं अर्धं ब्लेड निघालं. तसं अर्धं ब्लेड त्या काळी प्रत्येक मुलीच्या कंपासपेटीत असायचं, पण टेबलावर त्या कापलेल्या पुस्तकाशेजारी ठेवल्यावर ते वेगळंच दिसायला लागलं. मुलगी म्हणाली, मी नाही कापलं. मोठ्या बाईंनी पुन्हा विचारलं, ती पुन्हा तेच म्हणाली. त्या दिवशी तिला वर्गात बसू दिलं नाही. ऑफिसबाहेरच्या बाकावर ती शाळा सुटेपर्यंत बसून होती. येणाऱ्याजाणाऱ्या मुली थबकून बघत होत्या. मी मध्ये एकदा पाण्याचा पेला नेला, तो तिनं घेतला आणि तसाच हातात धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशीही तेच. दुपारी मला ऑफिसात बोलावणं आलं. मी गेले तेव्हा मुलगी भिंतीला लागून उभी होती. मोठ्या बाई म्हणाल्या, तिनं कबूल केलं आहे. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं वर न बघता मान हलवली.

"पानं कुठं आहेत?" मी विचारलं.

"नाल्यात टाकली," ती म्हणाली.

मोठ्या बाईंचं समाधान झालं नव्हतं, पण प्रकरण संपल्याचं त्यांना हायसं वाटलेलं दिसत होतं. मला मात्र ते उत्तर घशाखाली उतरेना. जी मुलगी पुस्तक उघडण्याआधी हात धुऊन कपड्यांना नव्हे, आपल्या रुमालाला पुसते, ती एवढ्या काळजीनं चित्रं कापून नाल्यात का टाकेल? पण मुलीनं स्वतःच हो म्हटल्यावर माझ्याकडे बोलायला काही उरलं नाही. बाहेर आल्यावर कळलं, की मामाला शाळेत बोलावल्याचा निरोप शिपायाबरोबर गेला आहे. सोमवारी सकाळी त्यानं यायचं होतं. मुलीनं लेखी माफी द्यायची आणि शाळेचा दाखला घेऊन जायचं, असं मोठ्या बाईंनी ठरवलं होतं. दाखला हातात आला की ती कन्नडकडे परत जाणार आणि पुढच्या लग्नसराईत उजवली जाणार, हे सांगायला कुणी ज्योतिषी लागत नव्हता.

आपा हे सगळं घडलं तेव्हा शाळेत नव्हत्या. शिक्षकांच्या शिबिरासाठी जालन्याला गेल्या होत्या. शनिवारी परतल्या. शिक्षकांच्या खोलीत त्यांना कुणीतरी सगळी हकिगत सांगितली. मी तिथंच होते. त्या ऐकत राहिल्या आणि डबा न उघडताच तासाला निघून गेल्या. मला वाटलं, प्रवासानं थकल्या असतील.

शनिवारी शाळा सुटल्यावर मोठ्या बाईंनी मला सभागृहात चार्ट लावायला सांगितलं. तपासणीसाठी निवडलेले चार्ट एका टेबलावर गुंडाळून ठेवले होते, सगळे आपांच्या वर्गाचे. मी स्टुलावर चढून एकेक खिळ्यांना अडकवत होते. एक चार्ट उलगडला तर खालचं एक चित्र कोपऱ्यातून सुटून वर आलं होतं. चिकटवायला म्हणून मी त्यावर बोट दाबलं आणि बोटाला तो कागद लागला.

कागद हातांना कळतो. रोज पुस्तकं शिवणाऱ्या माणसाला तर फारच. मी सुटलेला कोपरा आणखी वर उचलला. मागं छापील मजकूर होता. त्यातलं एक वाक्य मला ओळखीचं वाटलं, कारण त्याच पानाची कड मी एकदा स्वतः चिकटवली होती आणि माझ्या पट्टीखाली त्यातलं एक अक्षर अर्धं झाकलं गेलं होतं. ते अर्धं अक्षर तिथंच होतं. वर, ज्वालामुखीच्या चित्राभोवती, आपांचं ते सुरेख अक्षर.

मी सगळे चार्ट उलगडून पाहिले. हिमनदी होती. वाळवंट होतं. समुद्राचा तळ होता. एकही चित्र नाल्यात गेलं नव्हतं. सगळी सभागृहाच्या भिंतीवर लागणार होती, आणि ती लावत मीच होते.

काय करावं ते सुचेना. मोठ्या बाई घरी गेल्या होत्या. मी राहिलेले चार्ट लावले, कारण ते लावले नसते तर विचारणा झाली असती. दार ओढून घेतलं आणि घरी आले.

रविवारी दुपारी मी आपांच्या घरी गेले. याआधी दोनदा ईदला गेले होते, तेव्हा घर माणसांनी भरलेलं असायचं. या वेळी त्या एकट्याच होत्या. आत त्यांची आई झोपली होती. मला दारात पाहून त्या हसल्या नाहीत. चहा ठेवला, कप पुढं केला आणि समोर बसल्या. मी चार्टचं नाव काढायच्या आधीच त्या म्हणाल्या, "बघितलंस ना."

मी हो म्हटलं.

त्यांनी काही नाकारलं नाही. दिवाळीआधी मी जागेवर नसताना त्या ग्रंथालयात आल्या होत्या. पडद्यामागचा ढीग पाहिला. यातलं निम्मं रद्दीत जाणार, असं मीच त्यांना कधीतरी म्हटलं होतं. पाठ सुटलेलं ते पुस्तक त्यांना त्या ढिगात दिसलं. चार्टसाठी त्या चित्रं शोधत शहरातली रद्दीची दुकानं पालथी घालून आल्या होत्या. एरवी मुलींना नुसतं तोंडानं ज्वालामुखी सांगायचा. इथं तो डोळ्यांसमोर होता आणि रद्दीत चालला होता. त्यांनी आपलं ब्लेड काढलं. मला सांगायचं राहून गेलं, मग सुट्टी लागली, मग शिबिर.

"पण काल तुम्हाला कळलं, आपा. ती मुलगी दोन दिवस बाकावर बसली होती."

"तिनं कबूल केलंय म्हणाले. मला वाटलं, मी नेल्यावर राहिलेली पानं तिनं कापली असतील."

"सगळी पानं चार्टवर आहेत. मी पाहिली."

बाहेर कुणीतरी भांड्यांवर कल्हई करून देणारा ओरडत गेला. आत त्यांची आई खोकली, तशा त्या उठून पाणी देऊन आल्या. परत बसल्या तेव्हा त्यांचा आवाज खाली गेला होता.

त्यांनी मला जे सांगितलं ते त्याआधी कधी सांगितलं नव्हतं. पोलीस ॲक्शननंतर त्यांचे चुलते, मामा, मामेभावंडं, सगळे पांगले होते. कुणी हैदराबादेत, कुणी सीमेपलीकडे. त्यांच्या वडिलांनी मात्र इथंच राहायचं ठरवलं आणि मुलीला मराठी शाळेत घातलं, कारण इथं राहायचं तर इथली भाषा चांगली यायला हवी. त्यांना शिक्षिकेची नोकरी लागली तेव्हा वडील म्हणाले होते, की तुझ्या हातून कुठं बोट ठेवायला जागा राहता कामा नये. इतक्या वर्षांत त्यांनी ती राहू दिली नव्हती. पुढच्या वर्षी पर्यवेक्षिकेची जागा रिकामी होणार होती आणि ती त्यांनाच मिळेल असं सगळे धरून चालले होते.

"तू चुकलीस तर लोक म्हणतील, ग्रंथपाल बाई चुकल्या," त्या म्हणाल्या. "माझं नाव आलं की नुसतं माझं नाव येत नाही, बेटा. तुला नाही कळायचं."

मला खरंच पूर्ण कळलं नव्हतं. पण माझ्या डोळ्यांपुढं ती मुलगी होती, ऑफिसात भिंतीला लागून उभी. मी म्हटलं, उद्या सकाळी तिचा मामा येणार आहे. तुम्ही नाही सांगितलं तर मला सांगावं लागेल.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. राग नव्हता त्यात. "तू सांगशील?" एवढंच विचारलं. मी मान हलवली. मग त्यांनी कप उचलले आणि आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. शेवटी मीच चपला घातल्या आणि निघाले. येताना रिक्षा मिळत होती, तरी मी घरापर्यंत चालतच आले. ज्या एकाच माणसानं या शहरात मला आपलं म्हटलं होतं, त्याला मी धमकी देऊन आले होते. आणि त्या काय करतील याचा मला काहीच अंदाज नव्हता.

सोमवारी मी शाळा भरायच्या खूप आधी पोचले. सरळ सभागृहात गेले.

भिंत मोकळी होती. नुसते खिळे. एकही चार्ट नव्हता.

मी दारातच उभी राहिले. शिपाई झाडत होता. त्याला विचारलं, तर म्हणाला, आपा लवकर आल्या होत्या, सगळे चार्ट काढून घेऊन गेल्या. कुठं गेल्या ते त्याला माहीत नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत त्या नव्हत्या. वर्गात नव्हत्या. माझ्या मनात जे आलं ते मला आजही लिहवत नाही. चार्ट नसले तर मी कशाच्या जोरावर बोलणार होते? एका सुटलेल्या कोपऱ्याची गोष्ट मोठ्या बाईंना कोण पटवून देणार?

प्रार्थनेची घंटा झाली. प्रार्थना संपता संपता मामा आला. मुलगी त्याच्या मागं, दप्तर छातीशी धरून. मामाच्या अंगावर कंपनीचा निळा शर्ट होता, रात्रपाळी करून तो तसाच आला होता. डोळे लाल. शिपायानं मला ऑफिसात बोलावल्याचं सांगितलं, ते कापलेलं पुस्तक घेऊन.

मोठ्या बाईंनी पुस्तक मामापुढं उघडलं आणि कापलेल्या कडा दाखवल्या. शाळेचं नुकसान काय झालं, शाळेची अब्रू कशी गेली, ते सांगितलं. मामा ऐकत होता. त्यानं पुस्तकाला हात लावला नाही. मध्येच त्यानं भाचीकडे पाहिलं, पण तिची मान खाली होती. दाखल्याचा कागद टेबलावर तयार होता. मोठ्या बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

"मोठ्या बाई," मी म्हणाले, "सही करायच्या आधी माझं ऐका."

त्यांनी वर पाहिलं. पुढचं वाक्य जुळवत असतानाच मागं दार वाजलं आणि आपा आत आल्या. हातात चार्टची गुंडाळी होती. त्या कुणाकडे न बघता टेबलाशी आल्या, पुस्तक बाजूला सरकवलं आणि वरचा चार्ट पसरला. तो परत गुंडाळला जाऊ लागला, तसं एक टोक मी धरलं.

"ही ती पानं," आपा म्हणाल्या. "मी कापली. या मुलीनं पुस्तकाला काही केलेलं नाही."

मोठ्या बाईंनी चार्टवरून नजर पुस्तकाच्या कापलेल्या कडांकडे नेली. मग त्यांनी आपांना सांगितलं की तुम्ही आता बाहेर जा, आपण नंतर बोलू. आपा हलल्या नाहीत. त्यांनी कधी, कुठून, कशी कापली ते सगळं मामासमोर सांगितलं, जसं वर्गात नदीचं खोरं समजावून सांगत तसं, क्रमानं, काही न गाळता. फक्त त्यांचे हात चार्टच्या कडेवर घट्ट आवळलेले होते.

मामा खुर्चीतून उठला. मला वाटलं, तो आता आपांवर ओरडेल. पण तो भाचीकडे वळला.

"मंग तू व्हय कशाला म्हन्लीस?"

त्यानं पुन्हा विचारलं, या वेळी हळू. तेव्हा ती म्हणाली, "मोठ्या बाई म्हणल्या, व्हय म्हणलीस तर मामाला कळवणार नाय."

मोठ्या बाईंनी पेनाला टोपण लावलं. ज्यांनी दारोदार जाऊन या शाळेत मुली आणल्या त्या बाई एका मुलीकडे बघू शकत नव्हत्या, आणि ते पाहणं मला त्यांच्या रागापेक्षा अवघड गेलं.

मामा म्हणाला, "बाई, त्या दिशी तुम्ही सांगावा धाडला, पोरगी चोर हाय म्हणून. मी तवापासून रात्री मशिनीवर उभा हाय, डोक्यात दुसरं काय नाय. आता म्हणता, नाय, ती नव्हं. उद्या अजून काय म्हणाल, काय भरवसा? द्या तो दाखला. शाळा काय ही एकच नाय गावात. दुसरीकडं घालतो."

मला बरं वाटलं की तिला गावाकडे धाडायचं त्याच्या मनात नाही. पण मुलगी एकदम म्हणाली, "मामा, मी नाय जाणार."

ती एवढ्या मोठ्यानं बोललेली मी पहिल्यांदाच ऐकली. मामानं विचारलं, का. ती म्हणाली, "मी गेले तर सगळ्या म्हणतील, चोरच व्हती म्हणून गेली."

मामा तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं टेबलावरचा दाखला उचलला, घडी घातली आणि मोठ्या बाईंच्या पुढ्यात ठेवला. म्हणाला, ठीक हाय, पण हे सगळ्या पोरींसमोर सांगितलं पाहिजे. ज्यांनी तिला बाकावर बघितलं त्या सगळ्यांसमोर.

मोठ्या बाई म्हणाल्या, प्रार्थनेत असे विषय काढता येत नाहीत. शाळेचा विचार करावा लागतो. त्या योग्य वेळी वर्गात निरोप देतील.

"निरोप कशाला?" आपा म्हणाल्या. "पहिला तास माझाच आहे." आणि मुलीकडे वळून म्हणाल्या, "चल."

मी त्यांच्या मागून गेले. मामाही आला आणि वर्गाच्या दाराबाहेर थांबला. मुलींना वाटलं, आपा हिला वर्गातून सामान न्यायला घेऊन आल्या आहेत. कुजबुज सुरू झाली. आपांनी तिला तिच्या जागेवर बसायला सांगितलं, चार्ट फळ्याला टेकवून ठेवला आणि ऑफिसात सांगितलं तेच पुन्हा सांगितलं. पुस्तक मी कापलं. विचारायला हवं होतं, विचारलं नाही. हिचा काही संबंध नाही. शनिवारी मला कळलं होतं, तेव्हाच सांगायला हवं होतं. मी घाबरले.

मुली दगडासारख्या बसल्या होत्या. शिक्षिकेला 'मी घाबरले' म्हणताना त्यांनी कधी ऐकलं नसावं. शेवटच्या बाकावरून एकीनं विचारलं, की बाई, मग आता तपासणीला चार्ट लावायचे का नाही? आपा म्हणाल्या, नाही. मग खडू घेतला आणि फळ्यावर ज्वालामुखी काढायला लागल्या. मामा दारातून निघाला. जाताना मला म्हणाला, "बाई, घरी जाऊन झोपतो आता."

तपासणी झाली. सभागृहाच्या भिंतीवर दुसऱ्या वर्गांची चित्रं लागली. ते पुस्तक टेबलावर आलं नाही आणि कुणी मागितलंही नाही. आपांना लेखी समज मिळाली. पर्यवेक्षिकेची जागा पुढच्या वर्षी दुसऱ्या बाईंना मिळाली. आपांनी कधी त्याचा उल्लेख केला नाही. त्यांना ज्याची भीती होती ते बोलणंही झालं. शिक्षकांच्या खोलीत एकदोघींनी 'त्यांच्यातले' असा शब्द वापरला, मी आत गेल्यावर विषय बदलला. आपांनाही ते कळलं असणार. त्या रोजच्याच जागी बसून डबा खात राहिल्या.

माझ्याशी त्या बरेच दिवस कामापुरतंच बोलल्या. मग एका शनिवारी शाळा सुटल्यावर त्या पडद्यामागं आल्या आणि चार्टवरची चित्रं सोडवायला मदत करू लागल्या. ओलं फडकं ठेवून, कागद मऊ होईपर्यंत थांबून, सुरीच्या पात्यानं हळूहळू. काही चित्रं नीट निघाली. काही मधून फाटली. हिमनदीच्या पानाचा तर हातातच लगदा झाला. त्या दिवशी आम्ही चित्रांबद्दलच बोललो. दुसऱ्या शनिवारी त्या पुन्हा आल्या, आणि येताना माझ्यासाठी घरून शीरखुर्मा आणला. ईद नव्हती. मी कारण विचारलं नाही.

पुस्तक बाइंडरकडून शिवून आलं तेव्हा ते पूर्वीसारखं नव्हतं. सुटी चित्रं चिकटवल्यानं एका बाजूनं फुगलेलं, आणि बंद केलं तरी पूर्ण मिटत नसे. मोठ्या बाईंनी ते कपाटात कुलूप लावून ठेवायला सांगितलं. मी कुलूप लावलं, पण किल्ली मुलींना सापडेल अशा जागी, खिडकीच्या खिळ्याला टांगून ठेवली. मोठ्या बाईंनी ती एकदा पाहिली, आणि तिथंच राहू दिली.

ती मुलगी मात्र त्या वर्षी ग्रंथालयात आली नाही. मधल्या सुट्टीत ती मैदानाच्या कडेला पिंपळाखाली बसलेली दिसायची. वर्गात तिला कुणी काही म्हणत नव्हतं, उलट मुली तिच्याशी जरा जास्तच गोड वागत होत्या असं आपा सांगायच्या. मी तिला बोलावलं नाही. बोलावणं हीच तिला शिक्षा वाटली असती.

जूनमध्ये शाळा उघडली. ती दहावीत गेली होती. पहिल्याच आठवड्यात मुलींची रांग लागली होती, त्यात मला ती दिसली. तिची पाळी आली तेव्हा तिनं एक साधं विज्ञानाचं पुस्तक टेबलावर ठेवलं. मी नाव लिहून पुस्तक पुढं सरकवलं. तिनं ते घेतलं नाही.

"बाई, आधी पानं बघून घ्या," ती म्हणाली.

मी म्हटलं, अगं, पुस्तक नवं आहे. ती तशीच उभी राहिली. हात मागं बांधलेले. मी पुस्तक पुन्हा माझ्याकडे ओढलं आणि पहिलं पान उलटलं, मग दुसरं. तीही वाकून बघत होती. मागच्या मुली चुळबुळ करायला लागल्या, एकीनं घंटा होईल म्हणून सांगितलं. मी घाई केली नाही. शेवटचं पान झाल्यावर तिनं पुस्तक उचललं, रुमालात गुंडाळलं आणि गेली. आठवड्यानं परत आणून दिलं तेव्हाही ती थांबली, आणि आम्ही दोघींनी पुन्हा पहिल्यापासून सगळी पानं पाहिली. दहावीचं सगळं वर्ष ती असंच करत राहिली.